बाबांच्या पायाखालचं पाणी

गाडीत पाणी शिरलंय हे मला आधी कानांनी कळलं. कोहमाऱ्याकडे जाताना एक लांब उतार लागतो. गाडी उताराला लागली की पायाखालून खळ्ळ करून काहीतरी पुढे यायचं, आणि चढ आला की तेच मागे निघून जायचं. पहिल्यांदा वाटलं, पाण्याची बाटली लवंडली असेल. दुसऱ्यांदा वाटलं, भास होतोय. त्या दिवसांत त्या रस्त्यावर भास व्हायला फार काही लागत नाही. दोन्ही बाजूंना रोवणी झालेल्या धानाच्या बांध्या, म्हणजे पाणी अडवलेली छोटी शेतं, प्रत्येक बांधीत थोडं थोडं आभाळ, आणि त्यातून आपण एकटेच चाललेलो. गाडी जमिनीवरून चाललीय की पाण्यावरून, हे कधी कधी खरंच कळत नसे.

मी गोंदियात शाळेत शिकवते आणि दर रविवारी सकाळी गावी जाते. गाव नवेगाव बांधच्या अलीकडे, मोठ्या रस्त्यापासून बरंच आत. आई गेल्यापासून बाबा तिथं एकटेच राहतात. गावाला एक तलाव आहे, आणि त्याची पाळ, म्हणजे पाणी अडवणारा मातीचा लांबलचक बांध, आमच्या तलाव बांधणाऱ्या कोहळी घराण्यातल्याच कुणीतरी बांधलेला. कुणी ते आता कोणालाच सांगता येत नाही. पावसाळ्यात तलाव भरला की आमच्या घरातल्या माणसानं आठवड्यातून एकदा पाळीच्या पायथ्यानं अनवाणी चालत जायचं, अशी आमच्याकडे रीत. दोन दिवस ऊन पडलं की माती तापते, पण जिथून पाणी आतल्या आत पाझरत असतं तेवढी जागा गार राहते. डोळ्यांना काही दिसत नाही, तळव्यांना कळतं. बाबांच्या आधी आजोबा चालले, त्यांच्या आधी त्यांचे वडील. सगळे पुरुषच. आम्ही बायकांनी दारात उभं राहून त्यांच्या चिखलाच्या पायांवर पाणी ओतायचं, एवढंच आमचं काम.

बाबा आता ऐंशीच्या घरात आहेत. गुडघे गेले. तलाव घरापासून दोन किलोमीटर, मोटारसायकलवर टांग टाकता येत नाही, बैलगाडीत चढता येत नाही. म्हणून मी त्यांना गाडीत बसवून पांदीच्या कच्च्या वाटेनं पाळीपर्यंत नेते. ते चपला गाडीतच काढून ठेवतात, काठी घेतात आणि चालू लागतात. मी गाडीत बसून उत्तरपत्रिका तपासते. तासाभरानं परत येतात. गावात शिरताना पारावर चार माणसं बसलेली असतात. बाबा काच खाली करून म्हणतात, “पाळ बरी हाये.” बस, एवढंच. पण ती माणसं ते ऐकायला बसलेली असतात, आणि बाबा सोमवारपासून शनिवारपर्यंत ते म्हणायला जगतात. हा एक तास काढून घेतला असता तर त्यांच्यापाशी काय उरलं असतं हे मला चांगलं माहीत होतं. त्यांनाही माहीत होतं.

आणि हा तास होता त्या गाडीच्या जिवावर. पांढरी, छोटी, बाबांनी कधीकाळी जुनीच विकत घेतलेली आणि गुडघे गेल्यावर मला देऊन टाकलेली. माझ्याकडे आल्यापासून ती गोंदियात आमच्या घरासमोरच्या चिंचेखाली उभी असते. चांगली सावली आहे.

पोळा होऊन गेल्यावरच्या रविवारी पाऊस नुसता कोसळत होता. तरी रीत म्हणून पाळीवर जाऊन आलो. अंगणात गाडी उभी केली, मी धावत पलीकडून बाबांचं दार उघडलं, आणि आतून पाणी बदाबदा माझ्या साडीवर आलं. दोन-तीन तांबे तरी असेल. बाबांचे पाय त्यात बुडालेले होते. तळवे पांढरेफटक, सुरकुतलेले, भिजत घातलेल्या पोह्यांसारखे.

“बाबा! इतकं पाणी! तुम्ही सांगतलं काऊन नाही?”

बाबांनी खाली पाहिलं. मग माझ्याकडे पाहिलं. “काय सांगू?” असं म्हणाले.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. राग माझ्या नाकावरच असतो, घरी-दारी सगळ्यांना ठाऊक आहे. मला वाटलं, हा बाबांचा हट्ट. गाडी खराब झाली म्हटलं तर मी ती विकून टाकेन, म्हणून मुकाट्यानं पाय पाण्यात ठेवून बसले. मी पाऊण तास तोंड चालवलं. भिजलेल्या पायांनी ताप येईल, खोकला होईल, माझी नोकरी आहे, मी कुठे कुठे बघू. आणि शेवटी म्हणून बसले, “आता ही गाडी मी काढूनच टाकते.”

बाबा टॉवेलनं पाय पुसत होते. “अन् मंग पाळ?” त्यांनी विचारलं.

“दिवाळीनंतर बघू दुसरी.”

“दिवाळीले पाळीवर काय ठेवलं हाये? पाणी तं आता हाये,” ते म्हणाले आणि टॉवेलची घडी घालू लागले.

खरं सांगायचं तर विकायची मलाही हौस नव्हती. पण गाडी आतून सडायला लागली होती. सतरंजीसारखा तो जाड गालिचा पिळला तर पाणी निघायचं. काचा बंद केल्या की बुरशीचा वास यायचा, आणि त्या वासानं बाबांना उबळ यायची. एकदा तर मध्येच वायपर थांबले आणि दिवे आपोआप लागले. गोंदियातला मिस्त्री म्हणाला, वायरी सगळ्या गालिच्याखालून गेल्यात, आज वायपर गेला, उद्या गाडी भर रस्त्यात बंद पडेल.

तो मिस्त्री चांगला माणूस. त्यानं तीनदा गाडी घेतली. पहिल्यांदा पुढच्या काचेभोवती काळा चिकट मसाला भरला. दुसऱ्यांदा दारांची रबरं बदलली. तिसऱ्यांदा एसीच्या पाण्याची नळी फुंकून साफ केली. प्रत्येक वेळी मी आनंदानं घरी गेले आणि प्रत्येक वेळी पाऊस आला की डाव्या बाजूला, बाबांच्या पायांपाशी, पाणी हजर. शेवटी त्यानं हात टेकले. “मॅडम, बुरा मत मानना. गाडी अंदर से सड रही है. निकाल दो.”

मीही कमी प्रयोग केले नाहीत. दारात कागदाची पट्टी धरून दार लावायचं आणि पट्टी ओढायची. सहज निघाली तर तिथं रबर सैल. सगळ्या पट्ट्या फाटून हातात आल्या, म्हणजे रबरं एकदम घट्ट. मग रबरांवर टाल्कम पावडर लावली, पाण्याची वाट उमटेल म्हणून. पाण्याची वाट उमटली नाही, मलाच दोन दिवस शिंका येत राहिल्या. शाळेत फळ्याकडे पाठ करून उभी असतानाही डोळ्यांसमोर ते पाणी यायचं. कुठून येत असेल? इतकी बंदिस्त, पत्र्याची, काचेची वस्तू, आणि त्यातून ते कसं, कोणत्या फटीनं, कुणाला न सांगता आत येतं? मुलं धडा वाचत असायची आणि मी मनातल्या मनात थेंबाच्या मागे मागे चाललेली असायची. कधी छतावरून, कधी काचेवरून, कधी दाराच्या आतल्या अंधारातून. एकदा धडा संपून वर्ग गप्प बसला होता तरी मला कळलं नव्हतं.

मिस्त्रीचं ऐकून मी बाबांना फोनवर सांगितलं की आता विकणंच बरं. 

“गाडी इकडे आण,” ते म्हणाले. “दोन दिवस ठेव. पाणी कुठून येते मी पाहतो. नाही सापडलं तं विकून टाक, मी काही म्हणणार नाही.”

शनिवारची रजा टाकली. आकाश निवळलं होतं. बाबा अंगणात खुर्ची टाकून तयारच बसले होते, शेजारी पाण्यानं भरलेला हौद, एक बादली, एक तांब्या आणि परातीत चाळलेली तांदळाची पिठी. पाळीवर पाणी कुठे ओढलं जातंय हे पाहायला ते तलावात कोंडा टाकतात. कोंडा तरंगत तरंगत जिथं थबकतो आणि गोल फिरून खाली जातो, तिथं आत भोक. लहानपणी मी तासन्‌तास तो कोंडा बघत बसायचे. इथं कोंड्याऐवजी पिठी, एवढाच फरक.

आम्ही गालिचा काढून तणसाच्या, म्हणजे धानाच्या पेंढ्याच्या, ढिगावर वाळत टाकला. आतून गाडीचा तळ निघाला, डांबरासारखा काळा. तो पुसून कोरडा केला आणि मी त्यावर पिठी भुरभुरली, रांगोळीआधी भुई सारवून घ्यावी तशी एकसारखी. कुठेही थेंब पडला तर काळा डाग उठणार. मी आत बसायला निघाले तर बाबांनी काठी आडवी धरली.

“तू नोको. मी बसतो. डोळे चुकतीन, माहे पाय नाही चुकत.”

ते मुद्दाम म्हणाले असं मला वाटलं. घरातल्या बायकांचे पाय या कामाचे नाहीत, असं. मी बाजूला झाले. बाबा डाव्या सीटवर बसले, अनवाणी पाय पिठीवर ठेवले, मान मागे टेकली आणि डोळे मिटून घेतले. पाळीवर चालतानाही ते डोळे मिटतात. मी दार लावलं.

मी तांब्यानं पाणी ओतू लागले. आधी दाराखाली, मग दारावर, मग छतावर. त्यांचंच शास्त्र: खालून वर जायचं, म्हणजे कोणत्या उंचीला पाणी आत जातं ते कळतं. प्रत्येक तांब्यानंतर मी विचारायची, “आलं का?” आणि आतून आवाज यायचा, “अजून नाही.” दुपारचं ऊन, हौदात आभाळाचा तुकडा, तांब्या बुडताना येणारा तो बुडुक आवाज. “आलं का?” “अजून नाही.” मला हळूहळू गुंगी आल्यासारखं झालं. आपण गाडी धूत नसून बाबांनाच न्हाऊ घालतोय, आणि ते आत लहान होत चाललेत, असं काहीतरी वेडंवाकडं मनात आलं. काचेवर ओतलं. काचेच्या खालच्या काळ्या जाळीवर अख्खी बादली ओतली.

“आलं का?”

“अजून नाही.”

दुसरी बादली ओतली. तिसरी.

“बाबा, आलं का?”

“नाही वो बाई, अजून नाही आलं. ओत तू.”

मला कंटाळा आला म्हणून मी दार उघडलं. पिठी कुठेच नव्हती. तळात पांढरं गढूळ पाणी साचलं होतं आणि बाबांच्या घोट्यांना लागलं होतं. बाबांचे डोळे मिटलेलेच होते. चेहऱ्यावर अगदी लक्षपूर्वक ऐकणाऱ्या माणसाचा भाव.

“अजून नाही,” ते पुन्हा म्हणाले.

मी खाली बसले. त्या पाण्यात हात घातला आणि त्यांचं पाऊल माझ्या मुठीत धरलं. त्यांनी डोळे उघडले ते माझी चाहूल लागली म्हणून. मी पाऊल धरलंय हे त्यांना कळलंच नव्हतं. मी अंगठा दाबला, तळव्याला नखानं ओरखडा काढला. बाबा माझ्या चेहऱ्याकडे बघत होते, पायाकडे नाही. आणि मग त्यांनी खाली पाहिलं आणि त्यांना पाणी दिसलं.

“केव्हापासून?” मी विचारलं.

“मागच्या सालचं धान निघालं तवापासून,” बाबा म्हणाले. “आंधी मुंग्या येत होत्या. मंग मुंग्याही गेल्या.”

डॉक्टरांना दाखवलं होतं का, तर नाही. मला सांगितलं का नाही, हे विचारायची गरज नव्हती. पोळ्याच्या त्या रविवारी मी पाऊण तास ज्या माणसाला बोल लावले होते, त्याला आपले पाय पाण्यात आहेत हे ठाऊकच नव्हतं. मला इतकी लाज वाटली की मी त्यांच्या गुडघ्यावर डोकं टेकून रडले. बाबांनी माझ्या केसांवर हात ठेवला, तो हात मात्र सगळं ओळखत होता. हातानं केसातली पिठी झाडत राहिले.

आणि रडता रडताच मला दुसरी गोष्ट सुचली, आणि तोंडचं पाणी पळालं. “बाबा, मग यंदा पाळीवर? तुम्ही पारावर सांगत होते ते?”

बाबांनी मान वळवली. “गवत पाहून सांगत होतो. खेकड्याची बिळं पाहून. तेवढं समजते डोळ्याले.” मग म्हणाले, “नाही समजत. अंदाजे सांगत होतो.”

पाळीखाली धानाच्या बांध्या आहेत, आणि त्या बांध्यांच्या खाली गावाचा एक टोला आहे, पस्तीस-चाळीस घरांचा. मला बाबांचा संताप आला. जितकी माया आली होती तितकाच संताप. तो मी बोलूनही दाखवला. बाबांनी सगळं ऐकून घेतलं. 

मग ते उठले. काठी टेकत खुर्चीपर्यंत गेले, बादली ओढून घेतली. “आता तू बस आत,” म्हणाले. “चप्पल काढ.”

आम्ही तळ पुसला, पुन्हा पिठी भुरभुरली. मी त्यांच्या जागेवर बसले, त्यांचे पाय होते तिथंच माझे पाय ठेवले. दार लागलं आणि बाहेरचं सगळं बंद झालं. कोंबड्यांचा आवाज, शेजारच्या घरातला टीव्ही, काहीच नाही. मग बाबांनी पाणी ओतलं.

पाणी काचांवरून उतरू लागलं आणि अंगण विरघळलं. गोठा लांब झाला, वितळला, हिरव्या रंगात मिसळला. बाबा एक हलणारी पांढरी सावली झाले, तिचे हात वर जात आणि खाली येत. मी तलावाच्या तळाशी बसलेय आणि वर कुणीतरी कोंडा टाकतंय, तो कोंडा आता माझ्याकडे येतोय, असं वाटत राहिलं. भीती मुळीच वाटली नाही. लहानपणी पाळीवर बसून पाण्याकडे पाहताना असंच व्हायचं, आपण इकडे बसलोय की तिकडे खाली, ते विसरायला व्हायचं. आजोबा पायथ्यानं डोळे मिटून चालत जायचे, त्यांच्या मागे बाबा, आणि मी वरून त्यांच्या मागे मागे, पण वरूनच. खाली उतरायची मुभा नव्हती. त्यांच्या तळव्यांना काय कळतंय हे कळून घ्यायची मला किती इच्छा होती हे मला इतक्या वर्षांनी त्या बंद गाडीत आठवलं.

आणि मग डाव्या पायाच्या करंगळीला गार लागलं.

ते इतकं बारीक होतं की पाणी आहे की नुसता विचार आहे ते कळेना. मी डोळे मिटले. पुन्हा लागलं. करंगळीपासून टाचेकडे एक रेघ सरकत गेली. मी डोळे उघडून पाहिलं तर पिठीत एक काळी रेघ होती, शेवयीएवढी.

“आलं!” मी ओरडले. “बाबा, आलं!”

“कुठून?”

मी वाकून हातानं रेघेच्या मागे मागे गेले. तळावरून वर, पुढच्या पत्र्यावर, तिथून वर हवा येते त्या पंख्याच्या डब्याखाली. तिथं बोट लावलं तर थेंब बोटावर आला.

“वरून येते. पंख्यातून.”

“सांग, मी आता कुठी ओतून राहिलो?”

“काचेखाली. जाळीवर.”

पाणी ओतणं थांबलं. मी दार उघडून बाहेर आले तर बाबा काचेखालच्या त्या काळ्या जाळीकडे टक लावून बघत होते. पाना आणला, जाळीचे स्क्रू काढले. जाळीखाली पत्र्याची एक आडवी नाली निघाली, गाडीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत, आणि ती काठोकाठ भरलेली होती. काचेवरचं सगळं पाणी तिथं पडतं आणि दोन्ही टोकांच्या भोकांतून खाली जमिनीवर जातं. जायला हवं. उजवं भोक चिंचेच्या पाल्यानं गच्च बुजलं होतं. इतकी बारीक पानं की जाळीतून आरामात आत गेली, आणि कुजून त्यांचा लगदा झाला. माझ्या चांगल्या सावलीचा पाला. मी बोटानं खरवडला तर नालीतलं पाणी घळघळ निघून गेलं.

डाव्या भोकात पाला नव्हता. त्यात काळं, कडक, दगडासारखं काहीतरी ठोकून बसवलेलं होतं. मी स्क्रू ड्रायव्हरनं उचकटून काढलं. डांबरात बुडवलेली धोतराची चिंधी होती.

मी ती हातात धरून बाबांकडे पाहिलं. बाबांनी ती माझ्या हातातून घेतली, उलटीपालटी केली.

“माह्या धोतराची हाये,” ते म्हणाले.

गाडी नवीनच घरी आली होती तेव्हाची गोष्ट. अंगणात धुताना त्यांना दिसलं की पुढच्या चाकामागून पाणी गळून राहिलं. गळतंय म्हटल्यावर आमच्या घरातला माणूस दुसरं काय करणार? वाकून पाहिलं, भोक सापडलं, चिंधी डांबरात बुडवून बुजवून टाकलं. कुणाला सांगायचीही गरज वाटली नाही. इतकी वर्षं उजव्या भोकावर निभावलं. यंदा माझ्या चिंचेनं तेही बंद केलं, नाली भरली, आणि पाणी पंख्याच्या तोंडातून आत उतरलं.

“तलावाले सलंग ठेवतो न आपण,” बाबा स्वतःशीच म्हणाले. सलंग म्हणजे जास्तीचं पाणी निघून जायची वाट. “सलंग बुजवली तं पाळ फुटते, हे पोराले समजते. अन् मी गाडीची सलंग बुजवून बसलो. येवढा मी पाण्याचा जाणता.” आणि ते हसायला लागले. हसता हसता त्यांचे डोळे भरून आले. ते कशासाठी, चिंधीसाठी की पायांसाठी, मी विचारलं नाही.

संध्याकाळपर्यंत जाळी बसली, गालिचा उन्हात खडखडीत वाळला. दुसऱ्या दिवशी सकाळी ऊन चांगलं तापू दिलं आणि आम्ही पाळीवर गेलो. बाबा चपला काढायला वाकले, आणि मग वाकलेलेच राहिले. “तू काढ,” म्हणाले.

मी पायथ्याला उतरले. बाबा मागून काठी टेकत, वहाणा घालून. आयुष्यात पहिल्यांदा वहाणा घालून त्या मातीवर. तलाव तुडुंब होता आणि तो माझ्या डोक्यापेक्षा वर होता, पाळीपलीकडे, न दिसणारा. तापलेली माती, गवताची टोकं, दगड, पुन्हा माती. मी डोळे मिटले. किती चालले ते ठाऊक नाही. बाबांच्या काठीचा आवाज मागून येत होता तेवढ्यावर चालत राहिले. कहूच्या जुन्या झाडापाशी पाय आपोआप थांबले.

“बाबा, इथं गार हाये.”

“किती?”

“दोन पावलं.”

“टाचेनं दाब. पाणी येते?”

“येते.”

“वाटीत घे हाताच्या. निर्मळ हाये का गढूळ?”

मी ओंजळ वर धरली. तळाशी मातीचा लालसर साका होता. निर्मळ असतं तर नुसता पाझर, काळजीचं काम नाही. गढूळ म्हणजे पाणी पाळीची माती सोबत घेऊन निघालंय. बाबांनी ओंजळीत वाकून पाहिलं आणि झाडाच्या बुंध्याला धरून उभे राहिले.

पारावर चार माणसं बसली होती. बाबांनी काच खाली केली, पण नेहमीसारखं बसूनच बोलले नाहीत. दार उघडून, काठी टेकून खाली उतरले.

“कहूपाशी पाळ पाझरून राहिली. माती घेऊन. आजच्या आज माणसं लावा,” ते म्हणाले. “अन् आयका. यंदा मी तुमाले दर इतवारी पाळ बरी हाये म्हणून सांगतलं न, ते खोटं होतं. माह्या पायाले काही समजत नाही आता.”

 मग त्यांच्याच वयाचा एकजण म्हणाला, “मंग पाळ पाहीन कोण?”

बाबांनी काठीनं माझ्या पायांकडे दाखवलं. मी चिखलासकट गाडीबाहेर उभी होते.

“बाईमाणूस?”

“पाय हायेत न तिले,” बाबा म्हणाले.

दुपारी माणसं टोपल्या घेऊन गेली. पाण्याच्या बाजूनं कोंडा टाकला, तो जिथं गोल फिरून खाली ओढला गेला तिथं चिकणमाती आणि तणसाचे गोळे दाबले. संध्याकाळी ओंजळीतलं पाणी निवळलं होतं. घरी आलो तेव्हा बाबा माझ्या आधी दारात गेले, तांब्या भरून घेतला आणि खाली वाकून माझ्या पायांवर पाणी ओतलं. मी नको नको म्हणत राहिले.

गाडी मी विकली नाही. चिंचेखाली उभी करायचं मात्र सोडलं. दर रविवारी बाबा माझ्या शेजारी बसतात, पाळीवर मी चालते, ते मागून प्रश्न विचारत येतात. परत निघताना कधी पाऊस असतो. बाबा खाली, आपल्या पायांकडे बघतात. मग विचारतात, “कोरडं हाये न वो?”

मी गाडी बाजूला घेते. वाकते, त्यांच्या तळव्यांखाली हात घालते, सगळीकडे नीट फिरवते.

“कोरडं हाये, बाबा,” मी सांगते. मग आम्ही निघतो.